कागदाची चौकट

मोडीची बाराखडी महिन्याभरात हाताखाली येते. मोडीतला कागद मात्र त्यानंतरही बराच काळ दाद देत नाही. जुने कागद वाचण्याचे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, पण कारण विचारले की बहुतेक जण अक्षराकडे बोट दाखवतात. अक्षर घाईचे आहे, लपेटी फार आहे, कारकुनाचा हात वाईट होता. काम करत गेलो तसे माझे मत नेमके उलट होत गेले. कागद अडतो तो अक्षरामुळे कमी, आणि ज्या कचेरीत तो लिहिला गेला त्या कचेरीचा रिवाज माहीत नसल्यामुळे जास्त. मोडी सरकारी आणि न्यायनिवाड्याच्या कागदांत वाढली. अक्षराच्या नेमकेपणात तिने जेवढी सूट घेतली, तेवढी भरपाई कागदाच्या मांडणीने केली. ही दोन अंगे एकमेकांवर टेकून उभी आहेत. त्यातले एकच शिकवले तर वाचणारा चाचपडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ठामपणे चुकीचे वाचतो.

आधी ही सूट किती मोठी होती ते पाहिले पाहिजे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. इकार एक, उकार एक. अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. काना लागला की काही अक्षरांचा मूळ आकारच बदलतो. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लिहीत जायची, त्यामुळे शब्द कुठे संपला ते दिसत नाही. विरामचिन्हे नाहीत. त्यात संक्षेप. मौजे, परगणे, तर्फ, राजश्री, चिरंजीव असे नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर आणि त्यापुढच्या दोन दंडांवर भागवलेले असतात. हेच दोन दंड आकड्यापुढे आले की अर्धा दाखवतात: १२॥ म्हणजे साडेबारा, एक दंड पाव, तीन दंड पाऊण. एकच खूण अक्षरापाशी एक काम करते आणि आकड्यापाशी दुसरे. 'प॥' म्हणजे परगणे की पैकी, हे त्या अक्षरात कुठेही लिहिलेले नाही. आणि अशा लिपीत इनाम, वतन, कर्ज, वारसा, शेताची हद्द यांचे कागद शतकानुशतके लिहिले गेले. परंपरा मोडीचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते. १३८९ सालचा एक कागद जुन्यात जुना मानला जातो. आणि विसाव्या शतकातही ती महसुली दप्तरांत आणि शाळांत टिकून होती. एवढा काळ ज्या लिपीवर मालमत्ता तोलली गेली, तिच्या कागदांत नेमकेपणा असलाच पाहिजे. तो अक्षरांत नसेल तर दुसरीकडे शोधावा लागतो.

शिवकालातले एखादे सरकारी पत्र समोर घ्यावे. माथ्यावर मुद्रा. मग 'अज रख्तखाने राजश्री' असा फारसी वळणाचा प्रारंभ, पत्र पाठवणाऱ्याचे नाव, ज्या कारकुनांना, देशमुखांना किंवा मोकदमाला ते लिहिले त्यांचा उल्लेख, सालाची नोंद. तिथून मराठी मजकूर सुरू होतो, आणि त्याचाही क्रम ठरलेला: समोरच्याने येऊन काय अर्ज केला ते आधी, त्यावर काय ठरले ते नंतर, आज्ञा सर्वांत शेवटी. पुढे 'तालीक लिहून घेऊन असल परतून देणे' असे वाक्य, म्हणजे नक्कल ठेवून घ्या आणि मूळ पत्र ज्याचे त्याला परत द्या. मग मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का: 'मर्यादेयं विराजते'. हे मोर्तब शोभेसाठी नाही. मजकुराचे शेवटचे अक्षर संपते तिथेच ते उमटते, कारण त्यापुढे कोणी एखादी ओळ घुसडू नये. कागद तुकडे चिकटवून लांब केला असेल तर सांध्यावर पाठीमागून शिक्का मारतात, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा लावता येऊ नये. 'रुजू', 'सुरू सूद', 'बार' असे छोटे शेरे मजकुराच्या हाताहून वेगळ्या हातचे असतात. कागद कोणाच्या नजरेखालून गेला आणि नोंदीत चढला की नाही, हे त्यांवरून कळते. नवशिका वाचक या शेऱ्यांना फराटे समजून सोडून देतो. माझ्या मते वाचनाची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.

कारण चौकट माहीत असली की कोणत्या जागी काय येणे शक्य आहे, हे वाचण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. मोर्तबाच्या अलीकडच्या ओळीत 'तालीक' यायचीच आहे हे कळल्यावर तिथली अर्धवट गिरकीही पुरते. लिहिणाऱ्यालाही हे माहीत होते. ठरीव मजकुरात त्याचा बोरू धावतो, अक्षरे एकमेकांत विरघळतात. माणसाचे नाव, गावाचे नाव किंवा रक्कम आली की तोच हात सावध होतो, अक्षर थोडे मोठे आणि सुटे पडते. मोडी सगळीकडे सारखीच दुर्बोध आहे, ही समजूत कागद पुरेसे न पाहिल्यामुळे झालेली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अपेक्षेने वाचायचे म्हटले तर जे कागदावर नाही तेही दिसू लागेल. चौकट पाठ असलेला वाचक चौकटच वाचेल, कागद वाचणार नाही. हा धोका खराच आहे, पण त्यावरचा उपायही त्याच रिवाजात आहे, आणि तो सालाच्या नोंदीत सर्वांत स्वच्छ दिसतो. या कागदांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात. 'इहिदे सबैन अलफ' म्हणजे एक, सत्तर आणि हजार, १०७१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवायचे, म्हणजे १६७०-७१. तारीख मात्र मुसलमानी चांद्रमासाची, तिच्याआधी चंद्रासाठी 'छ'. आता समजा वाचकाने 'सबैन'च्या जागी 'तिसैन' वाचले. एका शब्दाच्या गफलतीने कागद वीस वर्षे पुढे, १६९०-९१ मध्ये जातो. शिवाजी महाराज १६८० मध्येच गेलेले. १६९० ला राजाराम महाराज जिंजीला आहेत. माथ्यावरची मुद्रा शिवाजी महाराजांची असेल तर हे वाचन त्याच क्षणी कोसळते. म्हणजे चौकटीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याची साक्ष काढतो. एकट्या शब्दाकडे कितीही टक लावून पाहिले, भिंग घेतले, तरी ही चूक पकडता आली नसती. अपेक्षा एकच असली तर ती फसवते. अनेक अपेक्षा एकमेकींशी ताडून पाहता येतात, तेव्हा त्या पडताळणीचे काम करतात.

रकमांचेही तसेच. आकड्यापुढे 'अक्षरी' रक्कम लिहिण्याची चाल आपण आजच्या धनादेशावरही पाळतो. हुंडीत त्याच्याही पुढे जाऊन निम्मी रक्कम लिहीत: रुपये शंभर, त्यांचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट. आकड्यात एक शून्य वाढवणाऱ्याला तीन ठिकाणी हात घालावा लागे. आणि इनामाच्या कागदांत तर हीच पुनरुक्ती कागदाच्या बाहेर पडते. इनाम एक, पण पत्रे अनेक: एक इनामदाराला, एक गावच्या मोकदमाला, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना, एक त्या प्रांताच्या अंमलदाराला, शिवाय दप्तरात नोंद. पत्रांचा मजकूर जवळजवळ एकच असतो, हात मात्र पुष्कळदा वेगळे. एका पत्रात गावाचे नाव लागत नसेल तर दुसऱ्यात ते लागते. निवाडपत्रांत हीच रीत एकाच कागदाच्या पोटात चालते. दोन्ही वाद्यांनी पंचांचा निवाडा मान्य असल्याचे लिहून दिलेले राजीनामे, त्यांचे जामीन, त्यांच्या तकरिरी म्हणजे जबान्या, साक्षीदारांचे म्हणणे, मग निवाडा, आणि हरलेल्याचे येजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद. प्रत्येक टप्प्यावर तीच नावे, त्याच पिढ्या, तीच शेते पुन्हा लिहिलेली. आजच्या वाचकाला हा मजकूर कंटाळवाणा वाटतो आणि तो सारांश मागतो. पण ज्या लिपीत एकदा लिहिलेले नाव दोन प्रकारे वाचता येते, त्या लिपीत तेच नाव दहादा लिहिणे हाच शहाणपणा आहे. त्या दहा जागांपैकी एकीत तरी अक्षर निःशंक उमटते.

ही व्यवस्था केवळ कल्पना नव्हती, याचा पुरावा तिच्या शत्रूंनीच दिला. १८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या हाती गेले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदाराने दाखवलेली सनद दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहणे हे त्यांच्या हातातले मोठे हत्यार झाले. ज्यांना आधार सापडला नाही अशा अनेकांची इनामे गेली. कमिशनने केलेल्या अन्यायाचे समर्थन कोणी करू नये. पण एका परक्या सत्तेला चार पिढ्यांमागची सनद तपासता आली ती घाईच्या अक्षरात लिहिलेल्या रोजकीर्दींच्या आणि ताळेबंदांच्या जोरावर, हे नाकारता येत नाही.

मोडी ही फक्त भराभर लिहिण्याची सोय होती, तिला एवढे श्रेय कशाला, असे म्हणणारे भेटतात. वेग हे कारण आहेच. पण वेग कशासाठी लागत होता? एका इनामाची एवढी पत्रे, प्रत्येकाची नक्कल, दिवसाच्या उलाढालीची रोजकीर्द, तिच्यावरून पुढच्या वह्या, हे सगळे बाळबोधीत म्हणजे देवनागरीत सुटे सुटे लिहीत बसले असते तर फड, म्हणजे सरकारी कचेरी, चाललाच नसता. पुनरुक्ती परवडावी म्हणून वेग हवा होता. आणि वेगामुळे जो घोटाळा होण्याचा संभव, तो या पुनरुक्तीनेच आवरला. या लोकांना नीटस लिहिता येत नव्हते असेही नाही. पोथ्या बाळबोधीतच लिहिल्या जात. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या नावाने ओळखले जाणारे चिटणिशी वळण, पुढे पेशवाईत नावारूपाला आलेली बिवलकरी आणि रानडी वळणे पाहिली की घाईतही अक्षराचा किती अभिमान बाळगला जात होता ते कळते. मला स्वतःला चिटणिशी हात फार देखणा वाटतो, आणि मोडीला गबाळी लिपी म्हणणाऱ्याने तो एकदा पाहावा अशी इच्छा होते.

मग 'ध' चा 'मा' कसा झाला? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि रघुनाथरावांच्या हुकमातल्या 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' करून त्यांची पत्नी आनंदीबाई यांनी तो घडवला, ही कथा मराठी माणसाच्या मनात इतकी रुजली आहे की मोडी म्हटले की तीच आठवते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. अक्षर बदलल्याची गोष्ट लोकस्मृतीतली आहे. पण ती खरी मानली तरी माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. कटाची चिठ्ठी फडावरून जात नाही. तिला बार नाही, रुजू नाही, तालीक नाही, दुसऱ्या हातचे दुसरे पत्र नाही. एका अक्षराने अर्थ फिरू शकतो तो अशाच कागदात, जो एकटा आहे. याच काळातल्या एखाद्या रीतसर सनदेत तेवढाच बदल करून काही साधले असते का, याचा विचार करावा.

सर्वांत कठीण आक्षेप अजून बाकी आहे, आणि तो अंशतः मान्य करावाच लागतो. चौकटीचे ज्ञान ज्यांच्याकडे होते ते मूठभर होते. चिटणीस, फडणीस, मुजुमदार, गावचा कुलकर्णी. लेखणी ठरावीक घराण्यांत आणि जातींत. कुणब्याच्या नावाने लिहिलेला कागद कुणब्यालाच वाचता येत नव्हता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुलकर्ण्यांवर आणि भट कामगारांवर, म्हणजे ब्राह्मण अंमलदारांवर, जो प्रहार केला, त्यामागे हा अनुभव आहे. इंग्लंडातही कोर्टांतल्या खास हस्ताक्षराविषयी असाच असंतोष होता. तिथे १७३१ च्या कायद्याने न्यायालयाचे कागद लॅटिनऐवजी इंग्रजीत आणि जुन्या कोर्टी वळणाऐवजी सर्वांना वाचता येईल अशा साध्या अक्षरात लिहावेत असे ठरले, आणि १७३३ पासून ते अमलात आले. आपल्याकडच्या महजरात, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदात, याला थोडा उतारा होता. गोतसभेत मजकूर सर्वांसमोर वाचला जाई आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी स्वतः काढत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. महजराच्या तळाशी या निशाण्यांची रांग पाहताना अक्षर न येणारा गावही कागदाला बांधलेला होता हे दिसते. तरीही वाचून दाखवणारा कुलकर्णीच होता, आणि त्याने खरे वाचले की नाही हे नांगर काढणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी इतर साक्षीदारांच्या डोळ्यांवर आणि वरच्या दप्तरावरच भिस्त.

हा आक्षेप मान्य केल्यावर माझा मुद्दा मोडत नाही, उलट अधिक नेमका होतो. चौकट रक्षण करते ती तिच्यामागे कचेरी उभी असेल तेव्हाच. सावकाराच्या खतामागे कचेरी नव्हती. एक कागद, एक हात, एक अंगठा, आणि तो कागद सावकाराच्याच पेटीत. ऋणकोकडे तालीक नाही. मोडीतल्या सगळ्या सवलती, संक्षेप, सलग ओळ, मर्जीवरचे अनुस्वार, इथे एकाच बाजूच्या कामी आल्या. १२ मे १८७५ ला सुप्याला उठाव झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत तो पसरला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद जाळले गेले. आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने काय केले? पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी अट घातली. लिपी बदलली नाही. कागदाला पुन्हा एक कचेरी आणि एक त्रयस्थ नजर दिली. अन्याय कुठून शिरत होता हे सरकारच्या लक्षात आले होते.

आज हा सगळा विचार पुन्हा निकडीचा झाला आहे. २०२३ मध्ये आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या, कोतवाल बुके, पाहणी पत्रके वाचू शकणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली. एखाद्या कुटुंबाचे शिक्षण, नोकरी, जमीन एका ओळीच्या वाचनावर ठरू लागले. अशा वेळी लोक कागदातली तेवढीच ओळ मोबाइलवर टिपून आणतात आणि 'हे काय लिहिले आहे' म्हणून विचारतात. त्या ओळीचे मी उत्तर देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. इंग्रजी अमदानीतल्या या वह्यांचा हात पेशवाईच्या हाताहून पुष्कळदा अधिक सैल असतो, पण त्यांना छापील किंवा आखलेले रकाने असतात, आणि रकान्याचा मथळा हीच इथली चौकट आहे. जातीच्या रकान्यात एक-दोन अक्षरांचा संक्षेप असतो किंवा नुसते 'सदर', म्हणजे वरच्याप्रमाणे. वरची नोंद आणि वहीचे पहिले पान पाहिल्याशिवाय 'सदर' म्हणजे काय ते कसे सांगणार? त्याच गावच्या वहीत तोच कारकून तोच संक्षेप इतरत्र कसा लिहितो, एखाद्या ठिकाणी त्याने तो पूर्ण लिहिला आहे का, हे बघावे लागते. ते बघायला वही लागते, ओळ पुरत नाही.

यंत्राने मोडी वाचण्याचे प्रयत्न सुरू आहेत आणि मला त्यांचा आनंद आहे. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली, त्यामुळे वाचलेला मजकूर मोडीतच साठवता येतो. पेशवे दप्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, माणसांनी वाचून कधी संपतील असे वाटत नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड निघाले तेही एवढ्या मोठ्या साठ्यातली मूठभर निवडच. यंत्राची मदत हवीच. पण यंत्राला अक्षरांचे तुकडे कापून दाखवले आणि प्रत्येक तुकड्याखाली देवनागरी अक्षर लिहिले, तर नुसती बाराखडी शिकवण्याची चूक आपण आणखी मोठ्या प्रमाणावर करू. त्याला अख्खे पत्र दाखवले पाहिजे: मुद्रा कुठे, साल कुठे, ठरीव मजकूर कुठून कुठवर, शेरे कोणत्या हातचे. याच इनामाचे दुसरे पत्र कोणते, तेही सांगितले पाहिजे.

माणसाने केलेल्या लिप्यंतरातही हेच पाळले जावे असा माझा आग्रह आहे. इकार-उकार आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे बदलले असतील तर तसे नोंदवावे. संक्षेप फोडला असेल तर फोडलेला भाग कंसात ठेवावा, म्हणजे मूळ काय आणि वाचकाने काय भरले हे कोर्टाला वेगळे दिसेल. न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज बसवू नये; जागा रिकामी सोडून किती अक्षरे गेली ते लिहावे. मोर्तब, रुजू, बार, निशाण्या यांची जागा सांगावी. आणि कागदाची पाठ वाचावी. डिजिटायझेशनच्या घाईत अनेक ठिकाणी कागदाची फक्त पुढची बाजू टिपली जाते, कारण मागे 'काही नाही', दोन-चार शेरे आणि सांध्यावरचे अर्धे शिक्के एवढेच. कागद खरा की बनावट हे ठरवायची वेळ आली की तेच लागतात, आणि तोवर मूळ कागद रुमालात बांधून परत गेलेला असतो.